सापळे रोज लागतात, तरी लाच का थांबत नाही?

नागपूरच्या पेपरांत आतल्या पानावर एक बातमी कायमची मुक्कामाला असते. गाव बदलते, खाते बदलते, रक्कम बदलते, मजकूर मात्र साच्यातून काढल्यासारखा. अमुक कामासाठी इतक्या हजारांची मागणी, तडजोडीअंती इतके ठरले, पंचांसमक्ष स्वीकारताना रंगेहाथ. त्यातला 'तडजोडीअंती' हा शब्द मला दर वेळी थांबवतो. भाजीबाजारासारखी इथेही घासाघीस होते, आणि ती सरकारी कागदावर रीतसर नोंदवली जाते.

परवा गल्लीतल्या चहाच्या टपरीवर अशीच बातमी वाचून आमचे शेजारी, निवृत्त काकाजी, पेपर घडी करत म्हणाले, "चाळीस वर्षं झाले, हेच वाचून राह्यलो मी. पकडून राह्यले, पकडून राह्यले. थांबत काऊन नाही मग हे?"

टपरीवाल्याने गाळणी झटकली. "थांबते कायले काकाजी? रेट वाढन आता. रिस्क वाढली ना जी."

हसून सोडून देण्यासारखे ते वाक्य नव्हते. काकाजींचा प्रश्न आणि टपरीवाल्याचे उत्तर यांच्या मधली जागा भरायचा हा प्रयत्न आहे. काकाजींचे स्वतःचेही एक प्रकरण त्या वेळी चालू होते. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

लाच देऊन नेमके काय विकत मिळते?

काकाजींनी शहराबाहेर एक छोटा प्लॉट घेतला. खरेदीखत नोंदवले, मुद्रांक शुल्क भरले, विकणाऱ्याची तक्रार नाही. राहिला फेरफार, म्हणजे सरकारी अधिकार अभिलेखात जुन्या मालकाच्या जागी नव्याचे नाव चढवणे. रीत साधी आहे: नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचे, कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. देऊ की नको असा प्रश्नच यात उद्भवत नाही. नाव लागणे हा काकाजींचा हक्क आहे, आणि तो कुणी नाकारतही नव्हते.

"होऊन जाते जी" असे उत्तर त्यांना प्रत्येक खेपेला मिळाले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी सर्व्हर डाऊन, कधी इलेक्शन ड्युटी. बाहेर झेरॉक्सच्या दुकानाशी उभ्या असलेल्या एका भल्या माणसाने मग सांगितले की फाइलवर थोडं वजन ठेवलं की ती उडत नाही. म्हणजे काकाजींना नाव लावून घ्यायचे पैसे कुणी मागितलेच नाहीत. मागितले ते लवकर लावायचे. विकायला ठेवला होता वेळ, आणि तोही त्यांचाच.

अशा लाचेला हक्काची लाच म्हणू. आपलेच आपल्याला विकले जाते, आणि देणारा चरफडत देतो.

दुसरी जात वेगळी आहे. डांबर कमी टाकलेला रस्ता पास करून घेणे, दोन मजल्यांच्या परवानगीवर चार मजले चढवणे, अंदाजपत्रक फुगवणे. इथे देणाऱ्याला हक्काबाहेरचे काही हवे असते. देणारा खूश, घेणारा खूश. नुकसान होते ते त्या रस्त्यावरून पहिल्या पावसानंतर स्कूटर नेणाऱ्याचे, पण सौदा होताना तो खोलीत नसतो. ही भागीदारीची लाच.

हा फरक लक्षात ठेवावा लागेल, कारण बहुतेक उपाय पहिल्या जातीवर चालतात आणि बहुतेक पैसा दुसऱ्या जातीत असतो.

एक नळ, एक किल्ली

मे महिन्यातली एखादी वस्ती डोळ्यांसमोर आणा. टँकर नाही, नळ एकच, त्याला कुलूप, आणि किल्ली एकाच माणसाकडे. पाणी सगळ्यांचे आहे, पण पहिली बादली कुणाची हे तो ठरवणार. उशीर झाला तर त्याला विचारणारा कुणी नाही. तो माणूस पहिल्या आठवड्यात सज्जन राहील. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी न मागता त्याच्या हातात काहीतरी ठेवील. पाचव्या आठवड्यात न ठेवणाऱ्याची बादली मागे सरकेल.

रॉबर्ट क्लिटगार्ड या अर्थतज्ज्ञाने हे एका समीकरणात बसवले आहे: भ्रष्टाचार म्हणजे मक्तेदारी अधिक मर्जी, वजा जाब. किल्ली एकाकडेच, ही मक्तेदारी. कुणाला आधी द्यायचे ते त्याच्या मनावर, ही मर्जी. विचारणारे कुणी नाही, म्हणजे जाब शून्य. या सूत्रात माणसाच्या चारित्र्याला जागाच ठेवलेली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. चारित्र्य असते, फरकही पाडते. पण किल्ली तशीच राहिली तर माणूस बदलून फार काळ भागत नाही.

वाचताना वाटेल, मग सोपे आहे. किल्ल्या वाढवा, मर्जी काढून घ्या, जाब विचारा. कागदावर हे तिन्ही बऱ्याच अंशी झालेले आहे. गुंता तिथूनच सुरू होतो.

नियम मोडावा लागतच नाही

लाच घेणारा नियम मोडतो अशी आपली समजूत असते. हक्काच्या लाचेत तो बहुधा नियम अतिशय काटेकोरपणे पाळतो.

सरकारी कचेरीतला सर्वांत धारदार शब्द 'त्रुटी' हा आहे. अर्जासोबत अकरा कागद लागतात. पहिल्या खेपेला आधार कार्डावरचा पत्ता जुळत नाही. दुसऱ्या खेपेला मृत्यू दाखल्यावर आजोबांचे नाव 'नामदेव', सातबाऱ्यावर 'नामदेवराव'. तिसऱ्या खेपेला आधीच दिलेल्या प्रतिज्ञापत्राची मुदत. प्रत्येक त्रुटी खरी असते, वहीत सापडते, आणि ती एकाच वेळी न सांगता एकेक करून सांगणे हा कुठल्याही कायद्याने गुन्हा नाही. छुपा कॅमेरा लावलात तरी त्यात दिसेल एक कर्तव्यदक्ष कर्मचारी.

उशिरावर कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे. बदल्यांचे विनियमन आणि दिरंगाईला प्रतिबंध असा त्याचा दुहेरी विषय. त्यात म्हटले आहे की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये. हे वाक्य टपरीवर मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा दोघांना ठसका लागला. पुढे २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, मुदत चुकली तर त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिले आणि दुसरे अपील, मग सेवा हक्क आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड.

कायदा चांगला आहे, मी तो वापरून पाहिला आहे आणि इतरांनाही वापरायला सांगतो. पण त्याच्या बिजागरीकडे बघा. मुदतीचे घड्याळ सुरू होते ते अर्ज 'परिपूर्ण' झाल्यावर. आणि तो परिपूर्ण आहे की नाही हे ठरते त्याच टेबलावर.

शिवाय भांडणारा माणूस एकदाच येत नाही. पुढच्या वर्षी उत्पन्नाचा दाखला, त्याच्या पुढच्या वर्षी मुलीचे जात प्रमाणपत्र. पाण्यात राहून माशाशी वैर किती जण घेतील?

पंच, पावडर आणि गुलाबी पाणी

आता सापळ्याकडे येऊ, कारण जाब विचारण्याचे आपले मुख्य हत्यार तेच आहे.

तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो किंवा १०६४ वर फोन करतो. आधी पडताळणी होते: पंचाच्या साक्षीने, बहुधा रेकॉर्डर लावून, मागणी खरोखर झाली का ते तपासले जाते. मग नोटांचे क्रमांक टिपून त्यांना फिनॉल्फथॅलिन नावाची पांढरी पावडर लावतात. पंच म्हणून शक्यतो दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी असतात. तक्रारदाराला बजावलेले असते की मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दिले की ठरलेली खूण करायची. पथक आत शिरते, संशयिताचे हात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवले जातात आणि पाणी गुलाबी होते. ते बाटलीत भरून सील करतात. नववीतल्या प्रयोगशाळेत आम्ल आणि अल्कली शिकताना जो रंग पाहिला, तोच.

युक्ती नामी आहे. पण जाळे टाकणाऱ्या कोणालाही विचारा, जाळ्याच्या भोकापेक्षा लहान मासा निसटतो आणि फार मोठा जाळे फाडून जातो.

सापळ्याला तक्रारदार लागतो. म्हणजे तो फक्त हक्काच्या लाचेवर चालतो. भागीदारीच्या लाचेत तक्रार करणार कोण? दोघेही समाधानी आहेत. दुसरे असे की सापळ्यात सापडतो तो पैसे घेणारा हात. तो हात साखळीतला शेवटचा असतो, आणि हल्ली तोही स्वतःचा नसतो. बातम्यांमध्ये 'खासगी इसम' वारंवार भेटतो तो त्यामुळेच: टेबलाबाहेरचा, हजेरीपटावर नाव नसलेला. तिसरे, मोठ्या व्यवहारात नोटा फिरतातच असे नाही. मेव्हण्याच्या नावावर फ्लॅट होतो, मुलाच्या कंपनीला सल्ल्याचे काम मिळते. तिथे पावडर कशाला लावणार?

पकडल्यानंतर

लोकांना वाटते, पाणी गुलाबी झाले म्हणजे संपले. खरे तर तिथून सुरू होते.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा. लाच घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे शिक्षा. मात्र खटला न्यायालयात चालण्याआधी कलम १९ खाली अभियोग मंजुरी लागते, म्हणजे त्या कर्मचाऱ्याला नोकरीतून काढण्याचा अधिकार ज्या वरिष्ठाला आहे त्याने 'चालवा खटला' असे लेखी द्यायचे. त्यासाठी तीन महिने, फार तर आणखी एक, अशी मुदत कायद्यात आहे. २०१८ मध्ये कलम १७ अ आले. सरकारी कामात घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची चौकशी सुरू करायलाही आधी परवानगी हवी. रंगेहाथ पकडलेल्याला ते लागू नाही. म्हणजे दोन हजारांच्या नोटा घेणाऱ्याला ही ढाल मिळत नाही, सहीने कोट्यवधी फिरवणाऱ्याला मिळते.

दरम्यान कर्मचारी निलंबित. निलंबन ही शिक्षा नव्हे, त्यामुळे निर्वाह भत्ता चालू: सुरुवातीला साधारण अर्धा पगार, लांबले तर त्यात वाढ. बडतर्फीला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण आहे. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो.

न्यायालयात नुसते खिशात पैसे सापडून चालत नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते. आरोपी म्हणतो, ते उसने दिलेले परत केले. तोवर चार-सहा वर्षे लोटली आहेत, तक्रारदाराला त्याच कचेरीत काम पडते आहे, आणि साक्षीला उभा राहिल्यावर त्याला काही आठवेनासे होते. यालाच साक्षीदार फितूर होणे म्हणतात. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध होऊ शकते. खटला एका माणसाच्या आठवणीवर टांगलेला राहत असे, तिथे याने थोडा आधार दिला.

वेळ किती लागू शकतो याचा आमच्या घराजवळचा दाखला म्हणजे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. बँकेचे सुमारे दीडशे कोटी सरकारी रोख्यांच्या खरेदीच्या नावाखाली खासगी दलाल कंपन्यांकडे गेले आणि रोखे आलेच नाहीत. प्रकरण २००२ चे. तत्कालीन अध्यक्षांसह आरोपींना शिक्षा झाली २२ डिसेंबर २०२३ रोजी, पाच वर्षांची. त्यावर अपील आले, जसे ते येणारच. ज्या शेतकऱ्यांच्या ठेवी अडकल्या त्यांतल्या कितींच्या घरी तेव्हा दुसरी पिढी ठेवीची पावती सांभाळत असेल, कोण जाणे.

हे सगळे अडथळे काढून का टाकत नाहीत?

रास्त शंका आहे. मंजुरी नको, संरक्षण नको, सरळ आत टाका.

जरा उलट बाजूने बघा. खिशात पावडरच्या नोटा सापडणे एवढाच पुरावा पुरेसा झाला, तर न ऐकणाऱ्या तहसीलदाराच्या ड्रॉवरमध्ये नोटा सरकवून त्याला संपवणे वाळूमाफियाला किती सोपे! संरक्षण मुळात प्रामाणिक माणसासाठी आहे. अडचण अशी की छत्री उघडली की तिच्याखाली दोघेही उभे राहतात.

एक तोटा तर आपल्या लक्षातही येत नाही. निर्णय घेतला तर उद्या चौकशी लागू शकते, निर्णय न घेतल्याबद्दल मात्र कुणी तुरुंगात गेल्याचे ऐकिवात नाही. मग सरळ माणूस काय करतो? फाइलवर 'चर्चा करावी' असे लिहून पुढे ढकलतो. त्याला एक पैसाही नको असतो, त्याला फक्त सुखाने निवृत्त व्हायचे असते. आणि फाइल जितकी थांबते तितका तो झेरॉक्सच्या दुकानाशी उभा असलेला भला माणूस खूश. घाबरलेल्या सज्जनाने निर्माण केलेला उशीर दुसरा कुणीतरी विकतो.

दर घोटाळ्यानंतर आपण एक समिती, एक तपासणी, एक सही वाढवतो. पाचाऐवजी सात सह्या झाल्या. चोराची वाट अडली का? कधी अडली, कधी त्याला आणखी दोन वाटेकरी मिळाले. नळाला कुलपे वाढवली आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे दिली, तर पाणी सोडायला सगळ्यांची मनधरणी करावी लागते.

साखळी वरपर्यंत जाते म्हणजे काय?

टक्केवारी हा शब्द विदर्भात शाळकरी मुलालाही कळतो, आणि तो परीक्षेची समजत नाही. मोठ्या कामात लाच वेगळी द्यावी लागत नाही, ती निविदेच्या दरातच कालवलेली असते. ठेकेदार स्वतःच्या खिशातून देत नाही. तो देतो खडीतून, सिमेंटमधून आणि उशिरातून.

गोसीखुर्द घ्या. वैनगंगेवरच्या या धरणाचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते एप्रिल १९८८ मध्ये झाले. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमही त्याच वर्षीचा, म्हणजे दोघे जुळे भाऊच. तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी. सुधारित खर्च पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. विदर्भातल्या सिंचन कामांवरून जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या, लाचलुचपत विभागाने गुन्हे नोंदवले.

पण ही जवळजवळ पन्नास पट वाढ सगळी खाल्लेली आहे का? मुळीच नाही. पस्तीस वर्षांत सिमेंट, डिझेल, मजुरी महागली. भूसंपादनाचा मोबदला वाढला, वाढायलाच हवा होता. पुनर्वसन आले, कालव्यांची कामे वाढली. यातली महागाई किती, दिरंगाई किती आणि मलिदा किती, हे वेगळे काढणे दुधातले पाणी काढण्याइतके अवघड आहे. मोठा भ्रष्टाचार लपायला अंधार शोधत नाही. तो खऱ्या, कायदेशीर कारणांच्या गर्दीत मिसळून उजेडातच उभा असतो. त्यामुळे दोन हजार घेणारा सिद्ध होतो, आणि दोन हजार कोटींवर तज्ज्ञ आयुष्यभर वाद घालत बसतात.

बदल्यांचा बाजार हा साखळीचा दुसरा दुवा मानला जातो. कुणी मलाईदार जागेसाठी पैसे मोजले असतील तर त्याच्या लेखी ती गुंतवणूक आहे, आणि वसुली आली. अशा साखळीत न घेणारा माणूस हा सद्गुणाचा पुतळा नसतो, तो फुटलेला पाइप असतो: वरचा प्रवाह त्याच्यापाशी तुटतो. म्हणून तो एका जागी टिकत नाही. तीन वर्षांचा कालावधी ठरवून देणारा तोच २००५ चा कायदा अपवादाची खिडकीही ठेवतो, 'विशेष कारण' लिहून.

सगळे ऑनलाइन केले की प्रश्न मिटेल ना?

बराच मिटतो, हे आधी कबूल करू. डिजिटल सहीचा सातबारा आज १५ रुपयांत घरबसल्या निघतो. त्या उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत पारावर बसलेली माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. तिथली किल्लीच नाहीशी झाली, त्यामुळे तिथली चिरीमिरीही गेली.

पण जिथे संगणकाच्या मागे 'मंजूर' हे बटण दाबणारे बोट शिल्लक राहते, तिथे दुकान फक्त टेबलावरून स्क्रीनवर जाते. नागपूर विभागात २०२५ मध्ये गाजलेले शालार्थ आयडी प्रकरण याचा धडा आहे. अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतून निघतात, आणि त्यासाठी प्रत्येकाला एक ओळख क्रमांक लागतो. रीतसर मान्यता नसलेल्या लोकांचे क्रमांक तयार करून सरकारी तिजोरीतून पगार उचलले गेले, असा आरोप आहे. विशेष तपास पथक नेमले गेले, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटका झाल्या. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. आपल्यासाठी मुद्दा एवढा की संगणकाने कोणतीच चूक केली नाही. योग्य लॉगिन, योग्य पासवर्ड आणि भरलेला रकाना बघून त्याने इमानेइतबारे पगार काढला. पूर्वी खोटी नोंद करायला खोटे शिक्के, खोटी शाई लागत असे.

पगार वाढवा, फाशी द्या, देणाऱ्यालाही धरा

हे तीन उपाय लग्नाच्या पंगतीत हमखास निघतात.

पगाराचे म्हणणे निदान ऐकण्यासारखे आहे. उपाशी पहारेकरी धान्याचे कोठार राखणार नाही. पण पोट भरल्यावर हाव थांबतेच असे नाही. घाना देशात २०१० मध्ये पोलिसांचे पगार जवळजवळ दुप्पट झाले. मालट्रकवाल्यांकडून उकळल्या जाणाऱ्या रकमा अभ्यासकांनी नंतर तपासल्या, तर त्या कमी व्हायच्याऐवजी वाढलेल्या आढळल्या. पगारवाढीबरोबर जाब वाढला नव्हता.

फाशीबद्दल टपरीवाला आधीच बोलून गेला आहे. पकडले जाण्याची भीती वाढली की काही जण सोडतात, उरलेले दर वाढवतात. आणि शिक्षा जितकी भयंकर, तितका न्यायाधीश पुराव्याबद्दल काटेकोर. मला विचाराल तर तीन वर्षांची शिक्षा सहा महिन्यांत होणे हे विसाव्या वर्षी होणाऱ्या जन्मठेपेपेक्षा जास्त घाबरवणारे आहे.

देणाऱ्याचा प्रश्न जास्त नाजूक. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हा थेट गुन्हा आहे. ज्याला देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत कळवले तर तो सुटतो. त्याच्या कितीतरी आधी, २०११ मध्ये, तेव्हाचे सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनी उलटीच सूचना केली होती: हक्काच्या लाचेत देणाऱ्याला निर्दोष माना, म्हणजे काम झाल्यावर तो निर्भयपणे तक्रार करील, आणि ते ओळखून घेणारा घ्यायलाच कचरेल. तेव्हा गदारोळ झाला. गरिबाला कोर्टकचेरी परवडते कुठे, हा त्यावरचा आक्षेप खरा होता. तरी दोन जातींच्या लाचेला दोन वेगळे न्याय असावेत हे त्यांचे निदान मला पटते. सात दिवसांची मुदत शहाण्या वकिलाला माहीत असते, काकाजींना नव्हती.

राखणदारावर राखण कुणाची?

लाचलुचपत विभाग गृह खात्याच्या अखत्यारीत, म्हणजे ज्यांना जाब विचारायचा त्यांच्यातल्याच काहींच्या हाताखाली. म्हणून स्वतंत्र लोकायुक्त. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ मध्येच केला, पण अधिकार मुख्यतः शिफारशींचे. नवे, जास्त अधिकार देणारे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले, दोन्ही वेळा आमच्या नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात. मुख्यमंत्र्यांची चौकशी करायची तर विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागेल अशी अट त्यात घातली होती. ज्या मुख्यमंत्र्याविरुद्ध दोन तृतीयांश सभागृह उभे राहील, तो त्या दिवशी मुख्यमंत्री असेल का, हे वाचकाने ठरवावे.

जमलेले एक उदाहरण सांगितले नाही तर अन्याय होईल. हाँगकाँगमध्ये १९७३ साली चौकशी चालू असलेला एक बडा पोलीस अधिकारी शहर सोडून पळाला आणि लोक रस्त्यावर आले. १९७४ मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला उत्तर देणारा आयोग स्थापन झाला. तीन वर्षांत त्याने इतके पोलीस धरले की ऑक्टोबर १९७७ मध्ये पोलिसांचा जमाव त्याच्या कार्यालयात घुसला. अखेर गव्हर्नरला १९७७ पूर्वीच्या बहुतेक गुन्ह्यांवर पाणी सोडावे लागले. शहर पुढे बदलले, पण जुन्यांना माफी ही त्याची किंमत होती. आपल्याकडे अशी माफी कुणी जाहीर केली तर टपरीवर काय होईल, याची मला कल्पना आहे.

काकाजींचा फेरफार

काकाजींनी पैसे दिले नाहीत. अपील केले, अर्जांच्या प्रती काढल्या, प्रत्येक त्रुटी लेखी मागितली. तोंडी त्रुटी दहा निघतात, लेखी द्यायची म्हटली की दोनच उरतात, हा त्यांचा शोध. साडेचार महिन्यांनी नाव लागले. शेजारच्या प्लॉटवाल्या तरुणाचे तीन आठवड्यांत लागले होते. त्याला बँकेचे घरकर्ज उचलायचे होते, बिल्डरने मुदत दिली होती, घरभाडे चालूच होते.

"त्या पोराले मी काय म्हणू?" काकाजी म्हणाले. "मले पेन्शन आहे, बसायले वेळ आहे. त्याच्यापाशी काय होतं?"

मग पाण्याची बाटली आणि घडी घातलेला पेपर पिशवीत टाकून ते उठले. धाकट्या भावाच्या वारस नोंदीची तारीख होती, आणि साहेब अकराच्या आधी येत नसले तरी बाक दहालाच भरतो.